वाटा मिळणार नाही

गावच्या पावभट्टीची किल्ली मागायला लुदोव्हिक पेराँ आला तेव्हा मी कांदे चिरत होते, त्यामुळे त्याला वाटलं मी रडतेय. आल्या आल्या माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मादाम ओदील, मनाला लावून घेऊ नका."

"कांदा आहे, लुदो," मी म्हटलं. "बस. आणि तो हात काढ."

लुदो म्हणजे आमचा मेयर. तीन वर्षांपूर्वी आमचं मोंब्रेझ आणि खालच्या खोऱ्यातलं मोठं गाव व्हालरीव्ह, दोघांची नगरपालिका एक केली, तेव्हापासून तो दोन्हीकडचा मेयर आहे. राहतो खाली. पण जन्मला इथेच, चर्चमागच्या गल्लीत, आणि सहा वर्षं माझ्या हातचं जेवला. मी एकतीस वर्षं शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केला. कोण पालकाची भाजी ताटाखाली लपवायचं आणि कोण शेजाऱ्याच्या ताटातलं चीज पळवायचं, हे मला अजून तोंडपाठ आहे. लुदो चीज पळवणाऱ्यांतला.

त्याने टेबलावर एक कागद ठेवला. नगरपालिकेचा शिक्का, खाली त्याची सही. भट्टीच्या कमानीला भेग आहे, तज्ज्ञाने ती मोजली आहे, तरी यंदा भट्टी पेटवायला मनाई आहे.

"एक वर्षाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "दुरुस्ती करू, मग पुढचं बघू."

"आणि चौदा जुलैला काय? भट्टीसमोर उभं राहून टाळ्या वाजवायच्या?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. खुशीत येऊन त्याने फोन काढला आणि चित्रं दाखवू लागला. भट्टीच्या आत लाल दिवे लावणार, म्हणजे लांबून निखारे वाटतील. तोंडाशी मखमली दोरी. लिऑनहून नटमंडळी येणार, एक जहागीरदार होणार, चारजण गावकरी होणार. पाव खालच्या कारखान्यातून गाडीभर येणार. आणि 'वाट्या'चा खेळही होणार, फक्त कोणी कोणते नकार द्यायचे ते आधी लिहून दिलेलं असणार.

"लिहिलं कोणी?"

"आमच्या प्रसिद्धी विभागाने. छान विनोदी आहेत हो. आणि तुमच्यासाठी दोरीच्या बाजूला खुर्ची ठेवलीय, गळ्यात बिल्ला. 'वारशाच्या रखवालदार'. लोक तुमच्याबरोबर फोटो काढतील."

मी सुरी खाली ठेवली. हातात ठेवणं बरं नव्हतं. चौतीस वर्षं मी त्या भट्टीची आग सांभाळली, माझ्या आधी माझ्या लेओंतीन मावशीने सांभाळली, आणि हा पोरगा मला जिवंतपणी काचेच्या कपाटात घालायला निघाला होता.

हा 'वाटा' काय ते सांगते. गाव जहागीरदाराचं होतं तेव्हा घरात पाव भाजायला बंदी होती. त्याच्याच भट्टीत भाजायचा आणि सोळा पावांमागे एक त्याला द्यायचा. क्रांती झाली, जहागीरदार पळाला, भट्टी राहिली. पुढे चौदा जुलै हा देशाचा सण ठरला तेव्हा आमच्या पणजोबांनी ठरवलं की त्या दिवशी गावाने भट्टी पेटवायची. प्रत्येक घर आपली कणीक मळून आणतं, वर घराचा लाकडी ठसा उठवतं. कोणाचा चमचा, कोणाचा कोंबडा, कोणाची चावी. पाव बाहेर निघाले की मेयर तिरंगी पट्टा आणि पिसांची टोपी घालून पायरीवर उभा राहतो आणि एकेकाला विचारतो, "माझा वाटा?" आणि प्रत्येकजण पाव छातीशी धरून सांगतो, "मिळणार नाही." नुसतं तेवढंच सांगत नाही. का मिळणार नाही तेही सांगतो. गटार तुंबलं म्हणून, दिवा लागत नाही म्हणून, पत्राला उत्तर आलं नाही म्हणून. वर्षभराचं सगळं त्या पायरीवर, तोंडावर, आणि मेयरने टोपी न काढता ऐकून घ्यायचं. शेवटचा पाव त्याने स्वतः भट्टीतून काढायचा. मग बँड वाजतो, मग आम्ही लढाईत गेलेल्यांच्या दगडाशी फुलं ठेवायला जातो.

गेल्या वर्षी लुदोला सत्तेचाळीस नकार मिळाले, त्यातले एकतीस शाळेवरून. आमच्या शाळेचा शेवटचा वर्ग त्याने बंद केला होता. जिल्ह्याहून आलेल्या पाहुण्या बाई शेजारीच उभ्या होत्या. कोणीतरी ते फोनवर टिपलं आणि आठवडाभर सगळं खोरं ते बघून हसत होतं. भेग तिथे पडली होती. कमानीला नंतर सापडली.

"किल्ली द्या ना," लुदो म्हणाला.

"शोधावी लागेल."

"ती काय, खिळ्याला लटकलीय."

"ती कोंबड्यांच्या खुराड्याची."

वीतभर लांब लोखंडी किल्लीने खुराडं कोणी उघडत नाही हे त्यालाही कळत होतं. पण खानावळीतल्या बाईला तोंडावर खोटारडी म्हणायची हिंमत अजून त्याच्यात आली नव्हती. "दहा तारखेपर्यंत पाठवा," म्हणून तो उठला. जाताना त्याने तो आदेश भट्टीच्या खोलीच्या दारावर नीट चार टाचण्यांनी ठोकला.

* * *

मार्सो संध्याकाळी आला. मार्सो आमचा गवंडी, एकोणऐंशी वर्षांचा, डावा कान गेलेला. भट्टीची कमान त्याच्या बापाने एकदा नव्याने बांधली आणि त्याने दोनदा डागडुजी केली.

"वाचलंस?" मी ओरडून विचारलं.

"वाचलं. गाढव आहे तो तज्ज्ञ. थंड भट्टीची भेग मोजून गेला. थंडीत माझे गुडघेसुद्धा वाजतात. विटा तापल्या की फुगतात, भेग मिटते. छप्पन सालच्या बर्फापासून ती अशीच उघडतेय, मिटतेय."

"हे त्याला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणाला, तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे का?"

"एक वर्ष गेलं तर काय मोठंसं, असं लुदो म्हणतो."

मार्सोने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून कपाट उघडलं. पणजोबांच्या त्या ठरावाची नक्कल माझ्याकडे आहे. मूळ कागद नगरपालिकेच्या दप्तरात पडलाय, म्हणजे लुदोच्या टेबलापासून वीस पावलांवर. त्यात लिहिलंय की भट्टी रहिवाशांची आहे, जोवर रहिवासी दरसाल चौदा जुलैला ती स्वतः पेटवतात तोवर. ज्या वर्षी पेटवणार नाहीत त्या वर्षापासून ती नगरपालिकेची.

"एकच वर्ष लागतं," मार्सो म्हणाला. "त्याला वर्षच हवंय."

मी ती नक्कल टेबलावर आपटली. त्रेचाळीस साली जर्मन गावात होते. चौदा जुलै साजरा करायला बंदी, चारजण एकत्र जमायला बंदी. लेओंतीन मावशी तेव्हा बावीसची. तिने एकटीने भट्टी पेटवली आणि एक पाव भाजला. अधिकारी धूर बघून आला, विचारलं हे काय चाललंय. ती म्हणाली, "भूक लागलीय, भाजतेय." त्याने पाव मागितला. तिने दिला नाही. सांगितलं की अजून कच्चा आहे. तो गेल्यावर त्या एका पावाचे अठरा घरांनी तुकडे केले. त्या वर्षी भट्टी विझू दिली नाही, आणि आता लाल दिव्यांसाठी विझवायची?

खणातून मी ठसे काढले. माझा चमच्याचा, आणि त्याच्या खाली कापडात गुंडाळलेला दुसरा, गोगलगाईचा. ऑर्तान्स पेराँचा. ऑर्तान्स म्हणजे लुदोची आजी. नऊ वर्षांपूर्वी ती गेली, त्याच्या आदल्या आठवड्यात तिने तो माझ्या हातात ठेवला होता. म्हणाली होती, "आमचा लुदो पाव विकत घेतो. ज्या दिवशी भाजायला येईल त्या दिवशी दे." तो काही आला नाही. नऊ वर्षं त्या घराचा पाव भट्टीत गेला नव्हता.

"दोन गोळे मळते यंदा," मी म्हटलं.

मार्सोने ठशाकडे बघितलं. "त्याला पाव देणार तू? त्या माणसाला?"

"देणार कोण? त्याला घ्यायला लावणार."

* * *

बारा तारखेला मी घरोघर गेले. जास्त बोलावं लागलं नाही. "परवा भट्टी आहे," एवढंच. न्हावीण सोलांज म्हणाली, "म्हणजे काय, असणारच. नसेल असं कोण म्हणालं?" मी म्हटलं, "लुदो." ती म्हणाली, "तो काय, माझ्याकडे केस कापायला येत नाही, त्याचं मी का ऐकू?"

तेराला दुपारी बारा वाजता मी दार उघडलं. ते दार आत उघडतं, त्यामुळे लुदोचा आदेशही आत आला आणि भिंतीशी उभा राहिला. मार्सोने बीचच्या झाडाची फाटी रचली, मी खालून काडी लावली. आधी धूर पांढरा आला, मग पिवळट, मग सरळ वर गेला. अठरा तास लागतात तापायला, घाई केली तर कमान खरंच फुटेल.

तीन वाजता फोन आला.

"मादाम ओदील, खालून धूर दिसतोय."

"डोळे चांगले आहेत तुझे. गाजरं खायला लावायचे मी."

"दारावर आदेश लावलाय मी!"

"आहे ना, दारावरच आहे. दाराबरोबर आत आलाय, ऊब घेतोय."

"मी फायर ब्रिगेड पाठवीन."

"पाठव. त्यांची कणीक चौथ्या नंबरला आहे. जरा लवकर या म्हणावं त्यांना, गेल्या वर्षी उशीर केला होता."

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "तुम्हाला कळत नाहीये, उद्या पाहुणे येणार आहेत, टीव्हीवाले येणार आहेत."

"मग तर चांगलं भाजायला हवं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, धास्ती वाटतच होती. एकाहत्तराव्या वर्षी सरकारी कागद धुडकावणं सोपं नसतं. माझ्यावर खटला भरला असता, ते मी सोसलं असतं. पण कमान फुटली असती तर? माझ्या शब्दाखातर उभ्या राहिलेल्या माणसांवर? रात्रभर मी आणि मार्सो आळीपाळीने बाहेरच्या विटांना हात लावून बघत होतो. पहाटे मार्सोने हाक मारली, "ये, बघ." दिव्याच्या उजेडात काजळी जळून कमान काळ्याची पांढरी झाली होती आणि भेग बंद होती. सुरीचं टोकही आत जात नव्हतं.

* * *

नऊला कणीक आत गेली. सेहेचाळीस घरं. गेल्या वर्षीच्या सत्तेचाळिसातले शाळेचे मास्तर वर्ग गेला तसे गाव सोडून गेले होते. मी आग झाडून बाजूला केली, ओल्या फडक्याने तळ पुसला, आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीने एकेक गोळा आत सरकवला. सगळ्यांत आधी गोगलगाय, अगदी मागच्या भिंतीशी. आधी आत गेलेला सगळ्यांत शेवटी बाहेर येतो.

साडेनऊला खालून दोन गाड्या आल्या. एकीत कारखान्याचे पाव, दुसरीत नटमंडळी. लुदो पट्टा घालून उतरला, रांग बघितली, आणि टीव्हीवाल्यांशी काहीतरी हसून बोलत राहिला. मखमली दोरी घेऊन आलेल्या माणसाने ती कुठे बांधावी म्हणून दोनदा पाहिलं आणि शेवटी स्वतःच्या हाताला गुंडाळून घेतली.

पावणेदहाला मी भट्टीच्या तोंडावरचं लोखंडी झाकण उघडलं. वास चौकभर गेला. कारखान्याच्या गाडीजवळ उभे असलेले लोकही इकडे आले.

मग जहागीरदार पुढे आला. बास्तियाँ नावाचा नट, तिशीचा, मखमलीचा झगा घालून, जुलैच्या उन्हात घामाने निथळत होता. पायरीवर चढून, हात वर करून, घसा ताणून ओरडला, "हे क्षुद्र प्रजाजनहो! माझा वाटा!"

रांगेत पहिली मी. हातात चमच्याच्या ठशाचा पाव. लिहून दिलेलं उत्तर म्हणायचं होतं त्या खोट्या गावकऱ्यांनी. ते माझ्याकडेच बघत होते.

"बाळा, तुला मी नाही म्हणू तरी कशी?" मी विचारलं.

तो गोंधळला. "म्हणजे?"

"समजा मी नाही म्हटलं. तू काय करशील?"

"मला वाक्य आहे. 'तर मग तुमची शेतं जप्त!'"

"कर बघू जप्त."

रांग हसली. तोही हसला, पण बावळट नव्हता पोरगा. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही म्हणायला समोर असा माणूस लागतो, ज्याला खरंच घेता येतं," मी म्हटलं. "तू चांगला दिसतोस त्या झग्यात, पण तुला माझं काहीच घेता येत नाही. ज्याला घेता येतं तो तिकडे पट्टा घालून उभा आहे."

बास्तियाँने पिसांची टोपी काढली. "मग ही मी उगाचच घालून उकडून घेतोय," म्हणाला आणि टोपी पायरीवर ठेवून खाली उतरला. मी मार्सोला खूण केली. त्याने आपल्या पिशवीतून एक पाव काढून त्याला दिला. ही फुकटची देणगी होती, वाटा नव्हे. कोणी मागितलं नसताना द्यायला आमची कधीच हरकत नव्हती.

आता लुदोला यावंच लागलं. तो तावातावाने आला, कान लाल, आणि हळू आवाजात, दात आवळून म्हणाला, "मादाम ओदील, पुरे झाला खेळ. सगळ्यांना मागे घ्या आणि किल्ली द्या."

"मागतोयस?"

"हो, मागतोय!"

"टोपी घालत नाहीस?"

"मी गंमत करत नाहीये!"

"मीही नाही. पट्टा आहे ना, तेवढा पुरे." मी पाव छातीशी धरला. शर्टातून चटका बसत होता. मी सबंध चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मिळणार नाही! किल्ली मिळणार नाही, भट्टी मिळणार नाही, वर्ष मिळणार नाही. कागद आम्हालाही वाचता येतो, लुदोव्हिक. एक वर्ष भट्टी थंड राहिली की ती तुझी, हे तुला माहीत होतं आणि तू मला भेगेची गोष्ट सांगितलीस. माझ्या स्वयंपाकघरात बसून."

लुदोने तोंड उघडलं, पण मी बाजूला सरकले होते आणि मागून रांग पुढे आली होती.

"मिळणार नाही," फायर ब्रिगेडचा प्रमुख म्हणाला. "दोन वर्षं नवी नळी मागतोय. ती नाही आली, पण सणाच्या दिवशी पाव विझवायला आम्हाला बोलावतोस."

"मिळणार नाही," सोलांज म्हणाली. "खाली जाणारी बस दिवसातून एकच ठेवलीस. बायका ओले केस घेऊन धावतात माझ्या दुकानातून."

"मिळणार नाही. पाच पत्रं लिहिली. पाचांना एकच उत्तर."

"मिळणार नाही, आणि ह्याचा वास तेवढा घेऊन जा."

तो निघून जाऊ शकला असता. मी नंतर पुष्कळदा विचार केला, का नाही गेला? टीव्हीवाले होते म्हणून असेल. पण मला वाटतं, त्याच्या पायांना ती पायरी लहानपणापासून ठाऊक होती. तिथे उभा राहिलेला मेयर ऐकून घेतो, हे ऑर्तान्सने त्याला कडेवर घेऊन दाखवलं होतं. तो उभा राहिला आणि ऐकत राहिला. चाळीस झाले असतील तेव्हा आनाइस आली. तिच्या दोन मुली गावातल्या शेवटच्या वर्गात होत्या. ती ओरडली नाही.

"मिळणार नाही, मेयरसाहेब. माझी धाकटी सहा वर्षांची आहे. सकाळी पावणेसातला खालच्या बसमध्ये बसते, उतरताना झोपलेली असते. ड्रायव्हर उचलून उतरवतो. तुमच्या वेळी शाळा दाराशी होती."

लुदोने मान खाली घातली. मला त्याची दया आली असं कोणी समजू नये. मला बरं वाटलं.

मार्सो शेवटचा, सेहेचाळिसावा. त्याने वाटा नाकारला, मग लुदोच्या बाहीला धरून त्याला भट्टीच्या तोंडाशी ओढलं. "बघ. कुठे आहे भेग? बोट घालून दाखव."

लुदो वाकला. उष्णतेने त्याने डोळे बारीक केले. बराच वेळ बघत राहिला. "दिसत नाही," म्हणाला.

"काय?" मार्सोने उजवा कान पुढे केला.

"दिसत नाही!"

आत शेवटचा पाव राहिला होता. रीत म्हणजे रीत. मी फळीचा दांडा त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, आत सरकवला, आणि पहिल्या झटक्यात पाव बाहेर आणला. हाताला विसर पडला नव्हता. पाव फळीवर होता, तांबूस, कडेला जरा जास्त भाजलेला, आणि वर मधोमध गोगलगाय.

त्याने फळी टेकवली. पाव दोन्ही हातांनी उचलला आणि लगेच या हातातून त्या हातात टाकू लागला, कारण तो निखाऱ्यासारखा होता. बाकी सगळे आपापलं फडकं घेऊन आले होते. सेहेचाळीस घरांची फडकी त्या चौकात होती. कोणीही एक पुढे केलं नाही. मी माझं खांद्यावरचं आणखी घट्ट धरलं.

"हा आजीचा ठसा..." तो म्हणाला. "हा तुमच्याकडे कसा?"

मी पायरीवरची पिसांची टोपी उचलली आणि माझ्या डोक्यावर घातली. आमच्या गावात बाईने तशी टोपी कधी घातली नव्हती. मग त्याच्यासमोर उभी राहून हात पसरला.

"माझा वाटा?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला सगळं कळलं, हे मला दिसत होतं. द्यायचा तर भट्टी कोणा जहागीरदाराची आहे असं म्हणावं लागणार. नाकारायचा तर ती रहिवाशांची आहे, त्याच्या आजीची आहे, असं म्हणावं लागणार, सबंध गावासमोर, टीव्हीसमोर, छातीवर पट्टा घालून. पाव या हातातून त्या हातात चालला होता.

"वाटा दे, लुदो. मी मागतेय."

"मिळणार नाही," तो पुटपुटला.

"मागे ऐकू गेलं नाही. आणि का मिळणार नाही?"

"मिळणार नाही!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज फुटला. "कारण हा आमच्या घरचा पाव आहे!"

पाव खाली ठेवायचा नाही, अशी रीत आहे. खाली ठेवला तर तो कोणाचाही. हात भाजत होते, फडकं कोणी देत नव्हतं. त्याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग कोपराने पाव छातीशी दाबून धरला, मोकळा हात लांब केला आणि दारावरचा कागद ओढला. चारही टाचण्या उडाल्या. त्यात त्याने पाव गुंडाळला, शिक्का आणि सही आतल्या बाजूला, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून तो उभा राहिला.

बँडवाल्यांना वाटलं आता संपलं, त्यांनी सुरुवात केली.

खटला झाला नाही. तो कागद परत आला नाही आणि मी विचारलाही नाही. ठसा मी त्याला अजून दिलेला नाही, पुढच्या वर्षी कणीक मळून आला तर देईन. शाळेचा वर्ग मात्र अजून बंद आहे, तेव्हा मला पहिल्या नंबरला काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. किल्ली खिळ्याला आहे, आणि मार्सोने लाकडं फोडून ठेवली आहेत.